एका नजरेचा लिलाव

लासलगावच्या बाजार आवारात कांद्याचा लिलाव पाहिला आहे का? ट्रॅक्टरच्या ट्रॉल्या रांगेनं उभ्या असतात. व्यापाऱ्यांचा घोळका एकेका ट्रॉलीपाशी येतो. कुणी दोन कांदे उचलून दाबून बघतो, कुणी रंग आणि आकार बघतो, की बोली सुरू. बघता बघता भाव ठरतो आणि घोळका पुढच्या ट्रॉलीकडे सरकतो. चार महिन्यांच्या कष्टाचं मोल इतक्या थोड्या वेळात ठरताना पाहून पहिल्यांदा माणूस थक्क होतो.

आता दुसरा लिलाव बघू. रात्रीचे साडेदहा वाजलेत. विदर्भातला एक शेतकरी मोबाइलवर शोधतो आहे : सोयाबीन पिवळं का पडतंय? समोर आलेल्या यादीतल्या एका पानावर तो बोट टेकवतो. मजकूर दिसू लागतो, मधली एक चौकोनी जागा क्षणभर कोरी राहते आणि तिथे जाहिरात उमटते. त्या कोऱ्या क्षणात लिलाव पुकारला गेला, बोल्या लागल्या, कुणी जिंकलं, बाकीचे हरले. बोली लावणाऱ्या यंत्रांना उत्तरासाठी साधारण १०० मिलिसेकंद मिळतात, म्हणजे सेकंदाचा दहावा भाग. पापणी लवायलाही बहुतेक वेळा याहून जास्त वेळ लागतो.

त्या एवढ्याशा वेळात पुकारलं काय जातं? पान कोणत्या वेबसाइटचं, कशाबद्दलचं, वाचक साधारण कुठल्या भागातला, फोन कोणता, वेळ काय, जाहिरातीची जागा केवढी. कधी कधी वाचकाच्या आधीच्या फिरण्याच्या खुणाही त्यात असतात. नाव पुकारलं जात नाही, पण या खुणा इतक्या बारीक असू शकतात की त्यांना आवर घालायला युरोपसह अनेक ठिकाणी कायदे करावे लागले. ही हाक ऐकून प्रत्येक खरेदीदाराचं यंत्र एक गुणाकार करतं. समजा, फवारणीच्या खतांची कंपनी एका क्लिकला १० रुपये द्यायला तयार आहे आणि यंत्राच्या अंदाजानं असा वाचक क्लिक करण्याची शक्यता १०० मध्ये २ आहे. मग ही एक नजर तिच्यासाठी २० पैशांची. मोबाइलवरचा खेळ विकणारा क्लिकला ४ रुपये देतो आणि शक्यता १०० मध्ये १, म्हणजे ४ पैसे. पान तेच, जागा तीच, तरी भावात पाचपट फरक.

मला या गुणाकाराचं विलक्षण आश्चर्य वाटतं. कांद्याची प्रत हातानं दाबून कळते. इथे प्रत ठरते ती माणसाच्या गरजेची. तो शेतकरी करमणुकीसाठी आलेला नाही. त्याचं पीक पिवळं पडतं आहे आणि उद्या सकाळी त्याला निर्णय घ्यायचा आहे. त्या क्षणी त्याचं लक्ष जितकं एकवटलेलं आहे, तितकंच ते मोलाचं आहे, आणि हे मोल आकड्यात पकडायचा प्रयत्न एक यंत्र करतं आहे.

सुरुवातीला असं नव्हतं. २७ ऑक्टोबर १९९४ रोजी अमेरिकेतल्या हॉटवायर्ड या वेबसाइटवर एटी अँड टी कंपनीची पट्टी झळकली. वेबवरच्या पहिल्या जाहिरातींपैकी ती एक मानली जाते. वर्तमानपत्रातल्या जागेसारखीच ती ठरावीक मुदतीसाठी ठरावीक रकमेला घेतलेली होती. कोण बघतंय, कशासाठी आलंय, याचा भावाशी संबंध नव्हता. पाहणाऱ्यांपैकी ४४ टक्के लोकांनी तिच्यावर क्लिक केलं, असं सांगितलं जातं. अशा पट्टीवर आज शंभरातल्या एकानं जरी क्लिक केलं, तरी जाहिरातदार खूश होतो. नवलाई संपली आणि लोक जाहिरातींवरून नजर घसरवायला शिकले.

खरा बदल २००२ मध्ये झाला. शोधाच्या निकालांशेजारी कोणती जाहिरात वर दाखवायची हे ठरवताना गूगलनं जाहिरातदाराच्या बोलीबरोबर लोक ती किती वेळा उघडतात हेही मोजायला सुरुवात केली. निव्वळ पैसा ओतून वरची जागा मिळेना. वाचकाची पसंती हिशोबात शिरली. पुढच्याच वर्षी, २००३ मध्ये, गूगलचंच ॲडसेन्स आलं आणि हा बाजार तुमच्याआमच्यासारख्यांच्या वेबसाइटसाठी खुला झाला. जाहिरातदार शोधायचा नाही, दर ठरवायचे नाहीत. पानात काही ओळींचा कोड टाकायचा, लिलाव आपोआप. जाहिरातदाराच्या १०० रुपयांतले साधारण ६८ वेबसाइटवाल्याला, बाकीची आडत.

२००४ मध्ये गूगलनं याला आणखी एक बारकावा जोडला आणि तो समजावताना दिलेलं उदाहरण मला फार बोलकं वाटतं. डिजिटल कॅमेऱ्याची एकच जाहिरात दोन पानांवर आहे. एका पानावर फोटो चांगले कसे काढावेत याच्या युक्त्या आहेत, दुसऱ्यावर कॅमेऱ्यांचं परीक्षण. दोन्हीकडून एकेक क्लिक आला. परीक्षण वाचणारा खरेदीच्या उंबरठ्यावर आहे, युक्त्या वाचणाऱ्याकडे कॅमेरा बहुधा आधीच आहे. म्हणून परीक्षणाच्या पानावरून आलेल्या क्लिकची किंमत जास्त धरायची. क्लिक म्हणून दोन्ही सारखेच दिसतात, पण त्यामागचं मन वेगळं असतं.

वेबसाइट चालवणारे अनेक जण इथेच चुकतात. ते फक्त डोकी मोजतात. या धंद्यात कमाई मोजायचं माप आहे आरपीएम, म्हणजे पान हजार वेळा पाहिलं गेल्यावर हाती येणारी रक्कम. समजा, विनोद आणि शुभेच्छांच्या चित्रांचं एक पान महिन्यात १ लाख वेळा उघडलं गेलं आणि आरपीएम २० रुपये पडला, तर मिळाले २,००० रुपये. दुसरीकडे गृहकर्जाचा हप्ता कसा ठरतो हे नीट उलगडून सांगणारं पान १५ हजार वेळाच उघडलं गेलं, पण आरपीएम २०० रुपये. कमाई ३,००० रुपये. गर्दी जवळजवळ सातपट कमी, पैसे दीडपट.

मग डोकी विकत का घेऊ नयेत? स्वस्तात हजारो भेटी पुरवणारे पुष्कळ आहेत. त्या भेटींमागे काय असतं, हे अमेरिकेतल्या एका खटल्यानं उघड केलं. अलेक्झांडर झुकोव या रशियन नागरिकानं आणि त्याच्या साथीदारांनी टेक्सासमधल्या डॅलससह काही ठिकाणच्या डेटा सेंटरमध्ये १,९०० हून अधिक सर्व्हर भाड्यानं घेतले. ५,००० हून अधिक वेबसाइटांची खोटी रूपं उभी केली आणि सर्व्हरवरच्या प्रोग्रॅमना वाचक व्हायला शिकवलं. हे प्रोग्रॅम माउस हलवत, पान खाली सरकवत, व्हिडिओ मध्येच थांबवून पुन्हा सुरू करत, फेसबुकमध्ये लॉग-इन असल्याचा आभास निर्माण करत. घराघरांतून माणसं बघताहेत असं वाटावं म्हणून साडेसहा लाखांहून अधिक आयपी पत्ते घेतले होते. जाहिरातदारांचे ७० लाख डॉलरहून जास्त पैसे अशा न-माणसांना जाहिराती दाखवण्यात गेले. झुकोवला नोव्हेंबर २०२१ मध्ये १० वर्षांची शिक्षा झाली.

मी या प्रकरणाकडे परत परत वळतो, ते त्या नकलेसाठी. एवढी यंत्रं, एवढी बुद्धी खर्च झाली ती एक साधी गोष्ट उभी करायला : कुणीतरी खरंच थांबून वाचतं आहे. ती गोष्ट शेतकऱ्यानं रात्री साडेदहाला फुकट दिली होती. विकतच्या भेटींमध्ये तीच नसते. असल्या भेटी ओळखता आल्या की जाहिरात कंपन्या त्यांचे पैसे परत घेतात आणि अनेकदा खातंही बंद करतात.

खरा वाचक येतो तो प्रश्न घेऊन. त्यामुळे पानात उत्तर असावं लागतं, आणि उत्तर म्हणजे शब्दांची भरताड नव्हे. २०११ च्या फेब्रुवारीत गूगलनं आपल्या शोधात ‘पांडा’ नावाचा बदल केला. लोक काय शोधतात ते पाहून घाऊक लेख पाडणाऱ्या वेबसाइटी एका झटक्यात खाली गेल्या. अमेरिकेतल्या जवळजवळ १२ टक्के शोधांचे निकाल त्यामुळे बदलले. 

पिवळ्या सोयाबीनचंच घ्या. ‘पिवळेपणावर उपाय करा, तज्ज्ञांचा सल्ला घ्या’ असं लिहिलेलं पान कुणी दुसऱ्यांदा उघडणार नाही. चांगलं पान आधी विचारतं : पिवळी पडली ती कोवळी पानं की जुनी? कोवळ्या पानांच्या शिरा हिरव्या राहून मधला भाग पिवळा पडला असेल, तर चुनखडीच्या जमिनीत लोहाची कमतरता असू शकते. पानांवर हिरवे-पिवळे चट्टे विखुरलेले असतील, तर पिवळा मोझॅक, आणि तो पसरवते पांढरी माशी. पहिल्यावर खताची फवारणी, दुसऱ्यात रोगट झाडं उपटून माशीचा बंदोबस्त. उपाय पूर्ण वेगळे. हा फरक फोटोसकट दाखवणारं पान शेतकरी गावच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर टाकतो, कृषी सेवा केंद्रात दुकानदाराला दाखवतो. पुढच्या खरिपात तो ते पुन्हा शोधतो. अशा पानाला जाहिरातही जुळणारीच मिळते.

ॲडसेन्सनं २०१८ मध्ये मराठीला जागा दिली. हिंदीला ती २०१४ मध्येच मिळाली होती. मराठी पानांना इंग्रजीइतका भाव मिळत नाही, कारण मराठीत बोली लावणारे जाहिरातदार अजून कमी आहेत, हे मान्य करायला हवं. तरी या लिलावाला वाचकाचं गावही कळतं. गणपतीच्या प्राणप्रतिष्ठेचा विधी सांगणारं तेच मराठी पान पुण्यात उघडलं तर एक लिलाव होतो, न्यू जर्सीतल्या मराठी घरात उघडलं तर दुसरा. तिथे एका ग्राहकामागे मिळणारा पैसा जास्त असल्यामुळे बोली बहुधा चढी लागते.

वाचक आल्यावर त्याला नीट वागवणंही या हिशोबात मोजलं जातं. साधी जाहिरात ‘दिसली’ असं धरायला तिचा निम्मा भाग सलग एक सेकंद तरी पडद्यावर असावा लागतो. पान उघडून कंटाळून गेलेला वाचक तेवढंही देत नाही. मुख्य मजकूर अडीच सेकंदांच्या आत दिसावा, अशी गूगलची अपेक्षा आहे. वाचता वाचता जाहिरात मध्येच घुसून ओळ खाली ढकलते आणि बोट चुकून तिच्यावर पडतं, हा अनुभव सगळ्यांचा आहे. त्या उडीचंही माप घेतलं जातं, आणि चुकून झालेले क्लिक ओळखून वगळले जातात. पानभर जाहिराती कोंबणारा म्हणून शेवटी कमी कमावतो, असं माझं स्पष्ट मत आहे.

तुम्हाला एखादी गोष्ट आतून माहीत असेल, विहिरीच्या मोटारीची दुरुस्ती, वारस नोंदीची प्रक्रिया, पैठणीचा काठ ओळखणं, काहीही, तर आधी ती मराठीत शोधून पाहा. धड उत्तर सापडलं नाही, तर ते तुम्ही लिहा, फोटो काढून, सावकाश, एका माणसाला समजावून सांगितल्यासारखं.