मंद इंटरनेटवर मुदतीची कामे कशी पार पाडावीत

पूर्वी चावडी, सोसायटी किंवा बँकेत प्रत्यक्ष जाऊन उरकावी लागणारी शेतीविषयक अनेक कामे आता मोबाईलवरून होतात. १५ ऑगस्ट २०२१ पासून राज्यात ई-पीक पाहणी सुरू झाली व उभ्या पिकाची नोंद शेतकऱ्याने स्वतः करण्याची पद्धत आली. अनुदानाचे अर्ज महाडीबीटी संकेतस्थळावर भरावयाचे असतात. ही बहुतेक कामे मुदतीची आहेत. अखेरच्या दिवशी जोडणी मिळाली नाही, तर शेतात पीक डोलत असूनही सात-बारावर त्याची नोंद होत नाही आणि शेतकरी हक्काच्या लाभास मुकतो. यास्तव या अडचणीची कारणे समजून घेऊन तीवर उपाय योजणे अगत्याचे आहे.

जोडणी मंद का होते?

मोबाईलच्या लहरी साधारणतः सरळ रेषेत जातात. मध्ये डोंगर आला की पलीकडील खोऱ्यात त्या क्षीण होतात. गगनबावडा, शाहूवाडी, राधानगरी, भुदरगड, आजरा व चंदगड या तालुक्यांच्या डोंगराळ भागात एखाद्या गावाच्या माथ्यावरील वाडीस जोडणी मिळते, परंतु ओढ्याकाठच्या घरास मिळत नाही, ती यामुळेच. पावसाळ्यात वीज दीर्घकाळ खंडित झाली म्हणजे मनोऱ्यावरील बॅटऱ्याही उतरतात.

दुसरे कारण गर्दीचे. एका मनोऱ्याची क्षमता त्यावरील सर्व फोनांत वाटली जाते. सर्वांनी एकाच वेळी दारे धरली म्हणजे पाटाच्या शेवटच्या शेतात पाणी पोचत नाही, तसाच हा प्रकार होय. शिवाय मनोऱ्याच्या मानाने फोनची प्रक्षेपणशक्ती फार अल्प असते. त्यामुळे माहिती येते, पण आपण पाठविलेली माहिती अडकून पडते.

हिशेब ध्यानात घ्यावा

फोनने काढलेले एक छायाचित्र सुमारे ४ मेगाबाइटचे असते, असे समजू. एका बाइटचे ८ बिट होतात. म्हणजे हे ओझे ३२ मेगाबिटांचे झाले. सेकंदास १२८ किलोबिट एवढाच वेग मिळत असेल, तर ते जाण्यास चार मिनिटांहून अधिक वेळ लागतो आणि तेवढ्यात जोडणी तुटल्यास बहुधा सर्व काम पुन्हा करावे लागते. तेच चित्र २०० किलोबाइटचे केल्यास सुमारे १३ सेकंदांत जाते. वेग वाढविणे आपल्या हाती नसले, तरी ओझे कमी करणे निश्चितच आहे.

वारणेचा धडा

या बाबतीत आपल्याच जिल्ह्यातील अनुभव उद्बोधक आहे. वारणानगर येथील सहकारी संस्थांच्या परिसरातील सुमारे ७० गावांसाठी १९९८ मध्ये संगणक केंद्रांची योजना हाती घेण्यात आली. पुढे मायक्रोसॉफ्ट रिसर्च इंडिया या संस्थेच्या संशोधकांनी त्यांपैकी सात गावांत आठ महिने निराळा प्रयोग केला व २००७ मध्ये त्याचे निष्कर्ष मांडले. ऊस उत्पादकाने मोबाईलवरून लघुसंदेश पाठवावा आणि मध्यवर्ती संगणकाशी जोडलेल्या फोनवरून त्यास उत्तर मिळावे, अशी व्यवस्था होती. संगणकावर होणारी सर्व कामे तीत झाली. ती स्वस्त व सोयीची ठरली आणि शेतकऱ्यांना अधिक पसंत पडली. जी माहिती चार अंकांत सांगता येते, तिच्यासाठी मोठ्या साधनाची गरज नसते, हा यातील बोध होय.

लघुसंदेशास इंटरनेट लागत नाही. फोन बंद असल्यास जाळे संदेश राखून ठेवते व काही काळ पुन्हा पाठविण्याचा यत्न करते. मात्र देवनागरीतील एका संदेशात ७० अक्षरखुणाच मावतात. म्हणून मजकूर थोडका असावा.

शेतकऱ्यांनी काय करावे?

१. मुदतीची वाट न पाहता पहिल्याच आठवड्यात काम हाती घ्यावे. पहाटे किंवा सकाळी लवकर गर्दी कमी असते.

२. ॲप व त्याची नवी आवृत्ती गावात चांगली जोडणी असताना आधीच उतरवून घ्यावी.

३. फोनला आपले स्थान उपग्रहांच्या संकेतांवरून कळते. त्यासाठी इंटरनेट असलेच पाहिजे असे नाही. मोकळ्या आकाशाखाली दोन-चार मिनिटे थांबावे. ॲपमध्ये माहिती साठविण्याची सोय असल्यास ती शेतात भरून, जोडणी मिळेल तेथे येऊन पाठवावी. पाठविल्याची खूण दिसेपर्यंत ॲप काढून टाकू नये.

४. ओटीपी येण्यास विलंब झाल्यास बटण वारंवार दाबू नये. नवा ओटीपी मागविला की जुना बहुधा निरुपयोगी होतो.

५. दुकानदारास यूपीआयने पैसे देताना ते खात्यातून वजा होऊनही त्यास पोचल्याची खात्री न मिळाल्यास, तत्काळ दुसऱ्यांदा देऊ नयेत. आधी खाते पाहावे. अशी रक्कम पाच दिवसांच्या आत आपोआप परत मिळावी व पुढील प्रत्येक दिवसास १०० रुपये भरपाई मिळावी, असा दंडक रिझर्व्ह बँकेने २०१९ मध्ये घालून दिला आहे.

६. केवळ सल्ला हवा असल्यास किसान कॉल सेंटरच्या १८००-१८०-१५५१ या विनामूल्य क्रमांकावर सकाळी ६ ते रात्री १० पर्यंत साध्या फोनवरून विचारावे.

कार्यकर्त्यांचे कर्तव्य

ग्रामपातळीवरील कार्यकर्त्यांनी गावात कोठे व केव्हा चांगली जोडणी मिळते, याची पाहणी करून ती ठिकाणे फलकावर लिहावीत. ग्रामपंचायतीत ऑप्टिकल फायबरची जोडणी चालू असल्यास तिचा उपयोग करून वाडीवार दिवस ठरवून द्यावेत व वीज गेल्यावरही यंत्र चालू राहील अशी लहान बॅटरी बसवून घ्यावी. ज्यांची नोंद राहिली आहे त्यांची यादी मुदतीपूर्वी दहा दिवस तयार असावी. साधा फोन वापरणारे वृद्ध खातेदार व एकट्या शेती पाहणाऱ्या भगिनी यांची नावे त्या यादीत प्रथम घ्यावीत. प्रत्येक अर्जाचा क्रमांक वहीत टिपून ठेवावा. तक्रारीच्या वेळी तोच पुरावा उपयोगी पडतो.