तांबडा ढेकूण आणि कागदाचें कोडें

येथें प्रताप नगरांत आपल्या शाळेच्या बागेंतील जून भेंड्या उकलल्या कीं त्यांतील बियांवर तांबडे किडे गर्दी करितात. पंखांवर काळा ठिपका, पोटाखालीं पांढरे पट्टे. हाच कपाशीवरील तांबडा ढेकूण होय. हा रक्त पीत नाहीं. सोंडेनें सरकीचा रस शोषतो. त्यामुळें सरकी पोचट होते, बोंडांत बुरशी शिरते व कापसावर डाग पडतात. विदर्भांत पुष्कळ घरांची चूल कापसावर पेटते. म्हणून या जीवाची ओळख आपणांस असावी.

फुलपाखराप्रमाणें हा कोश करीत नाहीं. पिल्लूं पांच अवस्थांतून कात टाकीत वाढतें व शेवटच्या कातीनंतर त्यास पंख फुटतात. त्याच्या शरीरांत एक रस असतो. तो स्रवतो तोंवर तें पिल्लूंच राहतें, तो थांबला म्हणजे प्रौढ होतें.

याच कुळांतील युरोपी किडे घेऊन प्रागचे कारेल स्लामा अमेरिकेंतील हार्वर्ड विद्यापीठांत कॅरोल विल्यम्स यांजकडे गेले. तेथें पिल्लें प्रौढ होईनात. पुन्हां पिल्लेंच होऊन अखेर मरत. कारणें एकेक तपासतां दोष सांपडला तो भांड्यांत घातलेल्या कागदाचा! तो कागद चीड-देवदाराच्या कुळांतील बाल्सम फर झाडाच्या लाकडाचा होता आणि त्या झाडांत वरील रसासारखेंच द्रव्य असतें. न्यूयॉर्कच्या वर्तमानपत्राच्या कागदावरहि किडे प्रौढ होईनात. लंडनच्या ‘टाइम्स’वर मात्र सुखानें वाढत. हा शोध १९६५ सालीं प्रसिद्ध झाला.

याचें महत्त्व काय? हें द्रव्य या ढेकणांच्या कुळासच बाधतें, इतरांस नाहीं. उलट २०१७ सालीं यवतमाळ जिल्ह्यांत पिकांवर कीटकनाशक फवारतांना विषबाधा होऊन वीसाहून अधिक शेतकरी व मजूर मृत्यु पावले. शत्रूस आवरील परंतु शेतकऱ्यास राखील असा उपाय आपणांस हवा आहे. वाढ रोखणारीं अशीं कृत्रिम द्रव्यें पुढें निघालीं. डांसांच्या अळ्यांवर तीं वापरतात. तथापि काम पुष्कळ उरलें आहे. तोंवर पालकांनींहि नाक, तोंड व हात झांकल्यावांचून फवारणी करूं नये, ही आमची विनंति आहे.

मुलांनो, मेलेलीं पिल्लें फेंकून त्या विद्वानांनीं नवीं आणलीं असतीं, तर हें गूढ झांकलेंच राहतें. परमेश्वराच्या सृष्टींत क्षुद्र असें कांहीं नाहीं. बिघडलेला प्रयोगहि आपणांस शिकवितो. उद्यां भेंडी उकलेल तेव्हां किडा चिरडण्यापूर्वीं क्षणभर त्याकडे नीट पाहा.