जुन्या संगणकासाठी साउंड कार्डाची निवड

कुंभकोणम्‌च्या नैर्ऋत्येस काही मैलांवर, कावेरीच्या सुपीक खोऱ्यात, पट्टीश्वरम् हे देवस्थानाचे गाव वसले आहे. हा सारा प्रदेश नागस्वर आणि तविल या वाद्यांचा आहे. जवळच्याच नरसिंगमपेट्टै येथे घडविल्या जाणाऱ्या नागस्वरास २०२२ साली भौगोलिक मानांकन लाभले. तंजावरच्या भोसले राजवटीमुळे मराठी कीर्तनाचाही येथील लोकांशी परिचय झाला आणि ओवी, साकी, दिंडी हे प्रकार तमिळ हरिकथेत रुजले.

१९६३ साली कॅसेट प्रचारात आली आणि पुढे असे गायन-वादन सामान्य माणसासही फितीवर उतरवून घेता येऊ लागले. परंतु फीत चिरंजीव नसते. दमट हवेत तिच्यावर बुरशी चढते आणि चुंबकीय लेप झिजू लागतो. त्यावरील ध्वनी अंकांच्या रूपाने जतन करणे हाच यावरील उपाय होय. त्यासाठी महागडे यंत्र लागत नाही; शाळेत वा ग्रंथालयात अडगळीत पडलेला जुना संगणकही पुरेसा होतो. प्रश्न उरतो तो त्यास योग्य साउंड कार्ड निवडण्याचा.

कार्डाचे कार्य

ध्वनीपासून निर्माण होणारा विद्युत्‌दाब अखंड चढत-उतरत असतो. संगणकास मात्र केवळ अंक कळतात. म्हणून साउंड कार्ड ठराविक अंतराने त्या दाबाचे मोजमाप करते. मनुष्याच्या कानास सेकंदाला सुमारे २०,००० कंपनांपर्यंतचा ध्वनी ऐकू येतो. तो नोंदवावयाचा तर सेकंदाला त्याच्या दुपटीहून अधिक मोजमापे घ्यावी लागतात. ४४,१०० हा आकडा याच हिशेबाने रूढ झाला आहे.

मोजमाप किती बारकाईने होते हेही तितकेच महत्त्वाचे असते. ८ बिटांच्या कार्डास केवळ २५६ पायऱ्या उपलब्ध असतात, तर १६ बिटांच्या कार्डास ६५,५३६. नागस्वराचा उंच स्वर दोहोंतही उमटेल. पण आलापाच्या शेवटी विरत जाणारा क्षीण स्वर ८ बिटांत खरखरीखाली बुडून जाईल.

संगणकाचे वय

कार्ड ज्या खाचेत बसवावयाचे, तिचा प्रकार प्रथम पाहावा. १९८० च्या दशकातील संगणकांत आयसा ही खाच असे. १९९२ नंतर पीसीआय आली. एकीचे कार्ड दुसरीत बसत नाही. १९८७ चे ॲडलिब कार्ड कृत्रिम सूर वाजवी, पण बाहेरचा ध्वनी नोंदवीत नसे. १९८९ चे साउंड ब्लास्टर ८ बिटांचे होते, तर १९९२ च्या साउंड ब्लास्टर १६ ने १६ बिटांची सोय दिली. जुन्या खेळांच्या शौकिनांस कृत्रिम सुरांचे मोल वाटते. फितींच्या कामात त्यांचा उपयोग नाही.

खाच जुळली तरी संगणकाच्या कार्यप्रणालीस त्या कार्डाची भाषा समजावून देणारा ड्रायव्हर लागतो. तो मिळत नसेल तर उत्तम कार्डही निरुपयोगी ठरते. म्हणून ड्रायव्हर हाती आल्यावाचून कार्ड विकत घेऊ नये.

संगणकास यूएसबी जोडणी असल्यास बाहेरून जोडावयाचे उपकरण अधिक सोयीचे. दोन वाहिन्यांच्या १६ बिटांच्या ध्वनीस सेकंदाला १४,११,२०० बिटे लागतात. प्रारंभीची यूएसबीदेखील १ कोटी २० लाख बिटे वाहू शके. शिवाय पेटीच्या आतील पंखे व वीजपुरवठा यांची गुणगुण अशा उपकरणापर्यंत कमी पोहोचते.

पारख आणि नोंदणी

कार्डास 'लाइन-इन' हे छिद्र असलेच पाहिजे. केवळ मायक्रोफोनचे छिद्र असल्यास कॅसेट-यंत्राचा प्रबळ संदेश तेथे विकृत होतो. बाहेरील उपकरणांपैकी काहींत मायक्रोफोनचेच छिद्र असते, हे विसरू नये. यंत्र जोडावे, पण फीत न चालविता एक मिनिट नोंदणी करावी. ती ऐकताना घरघर आढळल्यास कार्ड दुसऱ्या खाचेत बसवून पाहावे. त्यानंतर एखाद्या कमी मोलाच्या फितीवर ध्वनीची पातळी ठरवावी. तविलाचा जोरकस आघात मर्यादेपलीकडे गेला तर लहरीचे शिखर कापले जाते आणि ते पुन्हा मिळविता येत नाही.

एका तासाच्या नोंदणीस सुमारे ६३५ मेगाबाइट जागा लागते. तेव्हा डिस्कवर तेवढा अवकाश आहे याची आधी खात्री करावी. काम संपताच प्रत दोन निरनिराळ्या ठिकाणी ठेवावी. जुन्या कार्यप्रणालीस सुरक्षेचे संरक्षण राहिलेले नसते. म्हणून असा संगणक इंटरनेटला जोडू नये.

जीर्ण फीत कित्येकदा एकदाच नीट वाजते. कार्डाची निवड व परीक्षा तिच्या आधीच पूर्ण झालेली असावी. कारण कार्ड बदलता येते, फितीवरून गळून पडलेला स्वर मात्र परत आणता येत नाही.