वर्डमधील मजकूर मोठ्या फलकावर नेताना

नाताळ असो, पवित्र सप्ताह असो की धर्मग्रामाच्या आश्रयदात्या संताचा सण असो, चर्चच्या सभागृहात दोन-तीन फूट उंचीचा एखादा फलक हवाच असतो. तो तयार करण्याचे काम बहुधा धर्मशिक्षण देणाऱ्या शिक्षिकेकडे किंवा युवक मंडळातील एखाद्या महाविद्यालयीन विद्यार्थ्याकडे येते. त्यांच्याजवळ चित्रमांडणीची महाग सॉफ्टवेअर नसतात. घरच्या संगणकावर असते ते मायक्रोसॉफ्ट वर्ड. वर्डमध्ये फलक होत नाही, असे मुद्रणव्यवसायातील अनेकजण ठासून सांगतात. प्रस्तुत लेखकास हे मत मान्य नाही. ठळक मजकूर, एखादे चित्र आणि दिनांक-वेळ एवढाच ऐवज असलेला फलक वर्डमध्ये उत्तम रीतीने होऊ शकतो. खरी अडचण आहे ती मजकूर वर्डमधून निघून छपाईयंत्रापर्यंत पोहोचेतो देवनागरी अक्षरांचे काय होते, ही.

नागपूर महाधर्मप्रांताचे सदर येथील कॅथेड्रल ज्यांच्या नावाने ओळखले जाते, त्या संत फ्रान्सिस द सेल्स यांनी १५९४ पासून शाब्ले प्रांतात सेवाकार्य केले. लोक प्रवचनास येईनात, तेव्हा त्यांनी आपली शिकवण सुट्या पत्रकांवर उतरवून ती घराघरांत पोहोचवली. म्हणूनच पोप ११ वे पायस यांनी १९२३ मध्ये त्यांना कॅथलिक लेखक व पत्रकारांचे आश्रयदाते म्हणून घोषित केले. युरोपात रोमन लिपीचे खिळे हाताशी असल्याने असे लेखन छापणे सोपे होते. आपल्या लिपीचे तसे नव्हते. गोव्यात १५५६ मध्येच छापखाना आला. परंतु त्याच काळात तेथे कार्य करणारे येशूसंघीय फादर थॉमस स्टीफन्स यांना देशी लिपीत ग्रंथ छापण्याची कितीही ओढ असली, तरी सुमारे सहाशे खिळे पाडावे लागतील ही अडचण १६०८ च्या पत्रात त्यांना वरिष्ठांपुढे मांडावी लागली. अखेर त्यांचे मराठी ‘ख्रिस्तपुराण’ १६१६ मध्ये रोमन अक्षरांत छापले गेले.

आज खिळे पाडावे लागत नाहीत, तरी मराठी मजकूर दुकानात गेल्यावर कधी त्याची रोमन अक्षरे होतात, तर कधी तो मोडून पडतो. याची कारणे दोन आहेत. कृतिदेव, शिवाजी यांसारख्या जुन्या फाँटमध्ये रोमन अक्षरांच्या जागीच देवनागरी आकार बसवलेले असतात. तो फाँट दुकानातील संगणकावर नसेल, तर संगणकाला तेथे मराठी दिसतच नाही. अर्थहीन इंग्रजी अक्षरांची रांग तेवढी उमटते. दुसरा प्रकार युनिकोडचा. येथे अक्षर मराठी म्हणूनच नोंदलेले असते. मात्र जोडाक्षर कसे जुळवायचे, वेलांटी कोठे ठेवायची, हे काम फाँट आणि सॉफ्टवेअर मिळून करतात. वर्ड ते नीट करते. फ्लेक्सच्या दुकानात सर्रास वापरल्या जाणाऱ्या कोरलड्रॉ आणि फोटोशॉप यांच्या जुन्या आवृत्त्यांना ते जमत नाही. मग ‘ख्रिस्त’ मधील ‘ख्रि’ फुटतो, पहिली वेलांटी व्यंजनाच्या पलीकडे जाऊन बसते आणि ‘प्रार्थना’ मधील रफार निखळतो. दुकानातील कारागीर मराठी वाचणारा असला, तरी घाईच्या वेळी त्याचे तिकडे लक्ष जाईलच असे नाही. पवित्र वचन असे मोडक्या स्वरूपात आठवडाभर भिंतीवर राहिले, तर भाविकांना ते खटकल्यावाचून राहत नाही.

उपाय साधा आहे. दुकानात वर्डची फाइल देऊ नये, पीडीएफ द्यावी. पीडीएफमध्ये अक्षरांचे आकार फाइलबरोबरच प्रवास करतात. पलीकडच्या संगणकावर फाँट असो वा नसो. वर्डमध्ये ‘सेव्ह ॲज’ मधून पीडीएफ निवडल्यावर ‘ऑप्शन्स’ मध्ये पीडीएफ-ए हा पर्याय दिसतो. त्यावर खूण करावी, म्हणजे फाँट सोबत जोडले जातात. मग ती पीडीएफ ॲक्रोबॅट रीडरमध्ये उघडून ‘प्रॉपर्टीज’ मधील फाँटची यादी पाहावी. प्रत्येक नावापुढे ‘एम्बेडेड’ असा शब्द असला पाहिजे. दुकानदारास मात्र स्पष्ट सांगावे, की ही पीडीएफ आहे तशी छापायची आहे. कोरलड्रॉमध्ये उघडून मजकूर बदलायचा नाही. तो तसे करू लागला, तर सारी खटपट वाया जाते.

फाँट निवडताना आणखी एक गोष्ट पाहावी. आपल्या नागपुरात हिंदीचा वावर मोठा आहे आणि अनेक फाँटमधील ल व श हे हिंदी वळणाचे असतात. मराठी वाचकास ते परके वाटतात. त्याहून महत्त्वाचे म्हणजे ‘वऱ्हाड’ मधील अर्धा र काही फाँटमध्ये नीट उमटत नाही. मुंबईच्या एक टाइप या संस्थेने घडवलेला ‘मुक्त’ किंवा गूगलचा नोटो देवनागरी हे विनामूल्य मिळणारे युनिकोड फाँट फलकास योग्य आहेत. तरी आपल्या मजकुरातील अवघड शब्द त्यांत आधी टंकून पाहावेत.

आता आकार. वर्डमध्ये कागदाची कोणतीही बाजू २२ इंचांपेक्षा, म्हणजे सुमारे ५६ सेंटीमीटरपेक्षा मोठी ठेवता येत नाही. ए-२ कागदाची उंची ५९.४ सेंटीमीटर असल्याने तोही त्यात मावत नाही. त्यामुळे लहान पानावर मांडणी करून छापताना ती वाढवणे हाच मार्ग उरतो, आणि तो सुरक्षित आहे. कारण पीडीएफमधील अक्षरे रेषांनी बनलेली असतात, ती कितीही वाढवली तरी फाटत नाहीत. ए-३ पानाची मांडणी २०० टक्के केली की बरोबर ए-१ होतो. फ्लेक्सचा हिशेब मात्र फुटांत चालतो आणि त्याचे प्रमाण ए-मालिकेशी जुळत नाही. दोन बाय तीन फुटांचा फलक हवा असल्यास वर्डमध्ये पान १२ बाय १८ इंचांचे घ्यावे. दुप्पट केले की तंतोतंत बसते. तीन बाय चार फुटांसाठी १२ बाय १६ इंच घेऊन तिप्पट करावे. पानाचा आकार आधी ठरवावा आणि मगच मजकूर मांडावा. शेवटी आकार बदलला की चौकटी आणि चित्रे इतस्ततः सरकतात.

छायाचित्रांना मात्र हा वाढीचा नियम लागू नाही. व्हॉट्सॲपवरून आलेले छायाचित्र लांब बाजूस बहुधा १६०० ठिपक्यांचे असते. तेच ए-१ फलकाच्या ८४ सेंटीमीटर उंचीवर पसरवले, तर एका इंचात जेमतेम ४८ ठिपके येतात आणि संतांचा चेहरा चौकटीचौकटींचा दिसू लागतो. जवळून पाहायच्या फलकास इंचाला १५० च्या आसपास ठिपके असावेत. म्हणून मूळ छायाचित्र मागवून घ्यावे. वर्ड स्वतःही फाइल जतन करताना चित्रे आकसवते. ‘ॲडव्हान्स्ड’ पर्यायांत जाऊन ते बंद करता येते.

रंगांविषयी थोडेसे. आगमनकाळ आणि प्रायश्चित्तकाळ यांचा जांभळा रंग पडद्यावर गहिरा दिसतो. छापताना शाईत किरमिजी कमी पडली, की तो सरळ निळा होतो. जांभळा निवडताना त्यात लालसर छटा थोडी अधिकच ठेवावी.

दुकानात न जाताही काम होऊ शकते. प्रतापनगर, त्रिमूर्तीनगर, खामला अशा वस्त्यांत कोपऱ्यावर झेरॉक्सचे दुकान सापडतेच. तेथील यंत्र केवळ ए-४ छापणारे असले, तरी ॲक्रोबॅट रीडरच्या छपाई-चौकटीतील ‘पोस्टर’ हा पर्याय मोठे पान अनेक कागदांत वाटून देतो. हे कागद एकमेकांवर थोडे चढवून चिकटवायचे असतात. यंत्र कडेला अर्धा सेंटीमीटर सोडते आणि आपण एक सेंटीमीटर चढ ठेवतो, असे धरले, तर ए-३ मांडणी २०० टक्के वाढवल्यास बारा कागद लागतात. तीच १९० टक्के ठेवली, तर नवात भागते. आकारातील फरक कोणाच्या ध्यानातही येत नाही. कागद जोडताना वरच्या ओळीपासून सुरुवात करावी आणि जोड मुख्य शीर्षकावर येत नाही ना, हे छपाईपूर्वीच पडद्यावर पाहून घ्यावे. इमारतींचे नकाशे छापणाऱ्या दुकानांतील प्लॉटरवर ए-१ फलक एकसंध कागदावर मिळतो. सभागृहातील फलकासाठी तोच सर्वांत चांगला.

फ्लेक्सचा मोह शक्यतो टाळावा. १०० मायक्रॉनपेक्षा पातळ प्लास्टिक व पीव्हीसी बॅनरवर देशभरात १ जुलै २०२२ पासून बंदी आहे आणि जाड फ्लेक्सदेखील सणानंतर कचऱ्यातच जातो. आवाराबाहेर लावायचा असल्यास कापडी फलक घ्यावा. चौकात, खांबावर वा रस्त्याकडील भिंतीवर लावण्यापूर्वी महानगरपालिकेची लेखी परवानगी आवश्यक असते. मालमत्तेचे विद्रूपण रोखणारा राज्याचा कायदा १९९५ पासून लागू आहे.

फलक दुरून वाचला जाईल का, याची परीक्षा छपाईआधीच घेता येते. ए-१ फलक ए-४ वर छापला, की प्रत्येक मोजमाप सुमारे तिपटीने लहान होते. म्हणजे सहा मीटरवरून वाचायचा फलक असेल, तर ए-४ चा नमुना भिंतीवर लावून दोन मीटर मागे उभे राहावे. हे काम मजकूर पाठ झालेल्या व्यक्तीने करू नये; तिला न दिसलेली अक्षरेही दिसतात. ज्याने तो मजकूर पूर्वी पाहिलेला नाही, अशा एखाद्या वृद्ध भाविकास तेथे उभे करून मोठ्याने वाचावयास सांगावे आणि तो जेथे अडखळेल तेथील अक्षर वाढवावे किंवा शब्द कमी करावेत.