दात काढण्याआधी विचारायचे प्रश्न

आदिवासी पाड्यांवर दंतशिबिर झाले की आपल्या मंडळीतील बंधुभगिनी आस्थेने विचारतात, “यंदा किती जणांचे दात काढले?” हा आकडा सांगायला सोपा असतो. पण ज्यांचा दात त्या दिवशी मुद्दाम काढला नाही, त्यांच्यासाठीही डॉक्टर व स्वयंसेवक यांनी बरेच काम केलेले असते. ते काम काय, हे आपल्या देणगीदारांना ठाऊक असावे म्हणून हा लेख.

शहरातील रुग्ण सहसा गोळ्यांची पाकिटे सोबत आणतो. पाड्यावरील माणसाचा रक्तदाब कित्येकदा आयुष्यात प्रथमच शिबिरात मोजला जातो. “काही आजार आहे का?” असे विचारले तर “नाही” एवढेच उत्तर मिळते. म्हणून प्रश्न त्याच्या बोलीत आणि त्याच्या जगण्यातले असावे लागतात. थंडीत हातपाय फार ठणकतात का? कधी रक्त चढवले होते का? चढ चढताना दम लागतो का? कधी झटके आले का? मागे जखम झाली तेव्हा रक्त लवकर थांबले का? बाईला दिवस गेले आहेत का? भिली, पावरी किंवा माडिया बोलणारी गावातील आशाताई शेजारी बसली, तर खरी उत्तरे मिळतात.

पहिले दोन प्रश्न सिकलसेलसाठी आहेत. भारतात हा आजार 1952 साली नीलगिरीच्या आदिवासींत प्रथम आढळला. आपल्याकडे नंदुरबार, गडचिरोली यांसारख्या जिल्ह्यांत त्याचे रुग्ण बरेच आहेत. यात रक्तातील तांबड्या पेशी विळ्यासारख्या वाकड्या होऊन बारीक रक्तवाहिन्यांत अडकतात व असह्य वेदना होतात. शरीरातले पाणी कमी होणे, गारठा, जंतुसंसर्ग, भीती, प्राणवायूची कमतरता यांपैकी कशानेही हा त्रास उफाळतो. सुजलेली दाढ म्हणजे जंतुसंसर्गच. त्यामुळे अशा रुग्णाची दाढ तशीच ठेवणे धोक्याचे आणि घाईने काढणेही धोक्याचे. कधी कधी जबडा सिकलसेलमुळेच दुखत असतो आणि दात निरोगी असतो. तो काढला तर दात जातो, दुखणे राहते. जो केवळ वाहक आहे, त्याचा दात जागा बधिर करून नेहमीप्रमाणे काढता येतो. ज्याला प्रत्यक्ष आजार आहे, त्याला भरपूर पाणी पाजावे, पांघरूण द्यावे आणि काम थोडक्यात आटोपावे. रक्त फार कमी असेल किंवा ताप असेल, तर त्याला रुग्णालयातच न्यावे.

इतर रुग्णांचेही असेच आहे. रक्तदाब 180/110 च्या वर असेल, तर तातडी नसलेले काम पुढे ढकलतात. हृदयात कृत्रिम झडप असेल, तर दात काढण्याच्या अर्धा ते एक तास आधी प्रतिजैविक द्यावे लागते, कारण तोंडातील जंतू रक्तात शिरून झडपेवर बसू शकतात. रक्त पातळ करणारी गोळी कोणी आपल्या मनाने बंद करू नये. टाके घालून व कापसाचा बोळा दाबून रक्त बहुधा थांबवता येते, पण गोळी बंद केल्याने पक्षाघात होऊ शकतो.

एवढी काळजी घेऊनही प्रसंग ओढवतात. सर्वांत जास्त आढळते ती साधी भोवळ. पहाटे उठून चालत आलेला, सुईला घाबरलेला, त्यात “दात काढायला उपाशी जायचे” असा समज असलेला माणूस खुर्चीतच पांढरा पडतो. त्याला आडवे करून पाय उंच करावेत. गरोदर बाई असेल, तर तिला डाव्या कुशीवर वळवावे. एक-दोन मिनिटांत शुद्ध येते. नाही आली, तर दुसरे कारण शोधायला हवे. मधुमेही माणसाला घाम सुटून तो बरळू लागला, तर साखर उतरली असे समजून, गिळता येत असल्यास लगेच साखरपाणी द्यावे. बेशुद्ध माणसाच्या तोंडात काहीही घालू नये. झटका आला तर कांदा किंवा चप्पल हुंगवू नये, दातांत चमचा घालू नये. तोंडातील उपकरणे काढून घ्यावीत, झटका ओसरताच कुशीवर वळवावे आणि पाच मिनिटांत न थांबल्यास रुग्णवाहिका बोलवावी.

खरी घाई असते ती औषधाची तीव्र ॲलर्जी आल्यावर. अंगावर गांध्या उठतात, घसा सुजतो, श्वास घरघरतो, रक्तदाब कोसळतो. त्या वेळी मांडीच्या बाहेरील बाजूस ॲड्रेनलिनचे इंजेक्शन तत्काळ द्यावे लागते. इतर औषधे त्यानंतर. छातीत कळ येऊन ती डाव्या हाताकडे जाऊ लागली, तर रुग्णाला टेकवून बसवतात, ॲलर्जी नसल्यास ॲस्पिरिन चघळायला देतात आणि वाहन मागवतात.

महाराष्ट्रात 2014 पासून 108 क्रमांकाची रुग्णवाहिका आहे. पण अनेक पाड्यांवर मोबाइलला रेंज नसते आणि पावसाळ्यात नाला ओलांडता येत नाही. म्हणून रेंज कुठल्या टेकडीवर मिळते, जवळचे ग्रामीण रुग्णालय किती दूर आहे आणि गाडीचा चालक कोण, हे पहिला रुग्ण खुर्चीत बसण्यापूर्वीच ठरलेले असावे.

आता आपला वाटा. प्राणवायूचा सिलिंडर, रक्तदाब व साखर मोजण्याची यंत्रे, बोटाला लावून प्राणवायू मोजणारे यंत्र आणि मुदतीतली औषधे ही शिबिराची पहिली गरज आहे. यांचा फोटो चांगला येत नाही आणि पुष्कळदा ती न वापरताच परत येतात. तरीही ती प्रत्येक वेळी न्यावी लागतात. दुसरी गरज आहे परत पाठवलेल्या रुग्णाच्या पुढच्या प्रवासाची. “मोठ्या दवाखान्यात जा” असे सांगून चिठ्ठी दिली आणि एसटीचे भाडे, सोबतीला माणूस व एका दिवसाची बुडालेली मजुरी यांचा विचार केला नाही, तर ती चिठ्ठी घरच्या कुडालाच खोचलेली राहते आणि दाढेतला पू वाढत जातो.

तेव्हा पुढच्या शिबिरानंतर काढलेल्या दातांचा आकडा अवश्य विचारा. त्याबरोबर असेही विचारा, “किती जणांना रुग्णालयात पाठवले आणि त्यांपैकी किती जण तिथे पोहोचले?” त्या लोकांसाठी प्रार्थना करा आणि जमेल त्यांनी एकाच्या प्रवासाचा भार उचला.