ट्रक घ्यायचा तर हळू चालणारा

मुंबई, ठाणे किंवा नाशिकच्या घरात ऑनलाइन मागवलेलं खेळणं दारात येतं, तेव्हा त्याचा एक मुक्काम भिवंडीच्या एखाद्या गोदामात झालेला असण्याची शक्यता बरीच असते. माणकोली, पूर्णा, राहनाळ, काल्हेर, दापोडे, वळ, पडघा या गावांच्या हद्दीत पत्र्याची गोदामं पसरली आहेत. न्हावा-शेवाहून आलेले कंटेनर इथे रिकामे होतात आणि माल टेम्पोंत भरून शहरांकडे निघतो. त्यामुळे भिवंडीतल्या पोराला ट्रकची ओळख करून द्यावी लागत नाही. ट्रेलर कुठला, टॉरस कुठला आणि ‘छोटा हत्ती’ कुठला, हे त्याला शाळेत जायच्या आधीच कळतं. अशा पोराने वाढदिवसाला रिमोटचा ट्रक मागितला, तर त्यात नवल नाही.

मग आई-बाबा तीनबत्तीच्या बाजारात जातात, मुंबईला क्रॉफर्ड मार्केट गाठतात किंवा मोबाइलवर शोधत बसतात. खोक्यावर ताशी ४० किलोमीटर, ५० किलोमीटर असे आकडे असतात आणि दुकानदारही वेगाचंच कौतुक सांगतो. माझं म्हणणं याच्या उलट आहे. मुलासोबत खेळायला ट्रक घेत असाल, तर हळू चालणारा आणि उघडून दुरुस्त करता येणारा घ्या.

ताशी ५० किलोमीटर म्हणजे सेकंदाला जवळपास १४ मीटर. सोसायटीचं अंगण ३० मीटर लांब असलं, तर ट्रक दोन सेकंदांत समोरच्या भिंतीवर असतो. आठ वर्षांच्या मुलाला वळवायचं कुठे हे सुचेपर्यंत पुढच्या चाकाची दांडी मोडलेली असते. शिवाय वेग दुप्पट झाला की धडकेचा जोर चौपट होतो. दोन-तीन किलोंचा ट्रक त्या वेगाने लहान मुलाच्या नडगीवर बसला, तर टाके पडतील. मोठा माणूस मग रिमोट स्वतःच्या हातात घेतो, पोरगं बाजूला उभं राहून बघतं आणि चार दिवसांनी ट्रक माळ्यावर जातो.

हळू ट्रकचं तसं होत नाही. ज्यांना ‘क्रॉलर’ म्हणतात ते ट्रक माणसाच्या चालीने चालतात. मूल शेजारून चालतं, खाली वाकून चाक दगडावर कसं चढतं ते बघतं, अडकलं की थांबवतं, मागे घेतं, पुन्हा वेगळ्या कोनातून प्रयत्न करतं. तुम्हीही सोबत चालता. बोलायला वेळ मिळतो आणि माझ्या मते खेळाचा अर्धा आनंद त्या बोलण्यातच आहे.

दुकानात ट्रक पारखायची एक सोपी खूण आहे. रिमोटचं चाक किंवा दांडी अगदी थोडी फिरवा. ट्रकची चाकंही तेवढीच थोडी वळली, तर आत सर्व्हो नावाची छोटी मोटर आहे आणि ती हाताच्या हुकमाप्रमाणे मोजून वळते. चाकं एकदम पूर्ण डावीकडे किंवा पूर्ण उजवीकडेच जात असतील, तर ते साधं खेळणं आहे. वेगाचंही तसंच: खटका दाबला की एकदम सुसाट आणि सोडला की बंद, अशा गाडीवर मूल काही शिकत नाही. तीन-चार वर्षांच्या बाळाला दोन बटणांचं खेळणंच योग्य, त्याच्यासाठी जास्त खर्च करू नका. पण सहा-सात वर्षांपासून पुढे हाताच्या अंदाजाला उत्तर देणारा ट्रकच द्यावा.

रेडिओचीही चौकशी करा. जुन्या आणि स्वस्त रिमोटना २७ मेगाहर्ट्झची लहर असते. त्यात एकाच लहरीवरचे दोन ट्रक शेजारी चालवले, की एकाच्या रिमोटवर दुसऱ्याचा ट्रक पळतो आणि दोन भावंडांत भांडण ठरलेलं. आताचे बरे रिमोट २.४ गिगाहर्ट्झवर चालतात. भारतात हा पट्टा २००५ सालापासून परवान्याविना वापरता येतो. त्यात रिमोट आणि ट्रक आधी एकमेकांशी जोडी लावतात आणि मग दुसऱ्याचं ऐकत नाहीत, म्हणून एका अंगणात दहा ट्रक सुखाने चालतात. निकोला टेस्लाने १८९८ साली न्यूयॉर्कच्या मॅडिसन स्क्वेअर गार्डनमध्ये रेडिओवर चालणारी छोटी होडी लोकांना दाखवली होती. तेव्हापासूनची ही विद्या आज पोरांच्या मुठीत आली आहे, हे मुलाला जरूर सांगा.

ट्रकच्या जाती तीन-चार. मोठ्या चाकांचा, उड्या मारणारा ‘मॉन्स्टर’ हा वेगाचा प्राणी, त्याला मैदान लागतं. शर्यतीच्या धाटणीचा ट्रक, उदाहरणार्थ ट्रॅक्ससचा ‘स्लॅश’, हाही वेगवानच. या कंपनीच्या बऱ्याच गाड्यांत ताकद निम्म्यावर आणणारी शिकाऊ सोय असते. अशी गाडी घेतलीत, तर पहिले काही महिने ती सोय सुरूच ठेवा. क्रॉलर मी वर सांगितला. चिनी डब्ल्यूपीएल कंपनीचे १/१६ मापाचे लष्करी ट्रक त्या चालीचे असतात. काही चार चाकी, काही सहा चाकी, सगळी चाकं ओढणारे. मोठ्या नावांच्या मानाने खूपच स्वस्त आणि बरेच सुटे भागही मिळतात. पहिला ट्रक म्हणून मी हाच सुचवेन.

आणि मग भिवंडीच्या पोराच्या मनातला खरा ट्रक: ट्रेलर. जपानच्या तामिया कंपनीने १/१४ मापाच्या ट्रॅक्टर-ट्रेलरची मोठी मालिका काढली आहे. हे ट्रक सुट्या भागांच्या संचात येतात, घरी जोडावे लागतात. रिमोट आणि बॅटरी वेगळी घ्यावी लागते. आत तीन गिअरची पेटी असते आणि गिअर रिमोटवरून बदलता येतो. चाळीस फुटी कंटेनर या मापात ८७ सेंटिमीटरचा होतो, वीस फुटी ४३ सेंटिमीटरचा. किंमत मात्र जड आहे. खेळण्यांवरची आयात जकात २०२० साली २० टक्क्यांवरून ६० टक्के झाली आणि २०२३ साली ७० टक्के, त्याचा भार अशा परदेशी संचांवर पडतोच. दहा-बारा वर्षांचं मूल असेल, त्याने आधीचा छोटा ट्रक नीट वापरला असेल आणि घरातल्या मोठ्यालाही महिनाभर संध्याकाळी बसून जोडकाम करायची हौस असेल, तरच या वाटेला जावं.

पण ट्रेलरचा खेळ स्वस्तातही साधतो. छोट्या ट्रकच्या मागे पुठ्ठ्याचा किंवा प्लायचा ट्रेलर एका खिळ्यावर फिरता बसवा आणि खडूने जमिनीवर गोदामाचा धक्का आखा. आता ट्रक मागे घेऊन त्या आखणीत लावायचा. इथे खरी परीक्षा सुरू होते. ट्रेलरचं शेपूट डावीकडे न्यायचं असेल, तर मागे जाताना स्टिअरिंग आधी उजवीकडे फिरवावं लागतं, आणि ट्रेलर वळायला लागला की लगेच स्टिअरिंग उलट फिरवून त्याच्या मागे जावं लागतं. क्षणभर उशीर झाला, की केबिन आणि ट्रेलर एकमेकांवर दुमडतात. मग पुढे घ्यायचं, सरळ करायचं, पुन्हा मागे. राहनाळच्या गल्लीत मागे उभा राहून ‘आने दो, आने दो... बस!’ म्हणणाऱ्या क्लीनरचं काम तुम्ही करा, ड्रायव्हर मुलाला होऊ द्या. रोज दिसणारा तो ट्रेलर अरुंद फाटकातून उलटा आत जातो, त्यामागे केवढं कसब आहे, हे त्या दिवसापासून मुलाला कळेल. त्या ड्रायव्हरकडे ते आदराने बघेल. मला ही गोष्ट कुठल्याही वेगापेक्षा मोलाची वाटते.

दुरुस्तीविषयी थोडं सविस्तर सांगितलं पाहिजे. भिवंडी हे यंत्रमागाचं गाव. माग बिघडला की जॉबर येतो, पाना लावतो आणि दुरुस्त करून जातो. यंत्र उघडायचं असतं, हे इथे कुणाला शिकवावं लागत नाही. रिमोटच्या ट्रकला हीच दृष्टी लावा. लूमच्या कारखान्यांच्या आसपास रस्त्यावर सुताचे तुकडे पडलेले असतात. असा एखादा तुकडा चाकामागच्या दांड्यात गुंडाळला गेला, की मोटर तापते, बॅटरी लवकर उतरते आणि ट्रक रडत चालतो. खेळून झालं की चार चाकं काढायची, चिमट्याने सूत ओढायचं, जुन्या ब्रशने माती झटकायची. हे काम मुलाचं.

चाकं काढलेलीच आहेत, तर ट्रक उलटा धरून एक प्रयोग करा. डिफरेन्शिअल मोकळं असलेल्या ट्रकमध्ये एक दांडा बोटाने रोखून दुसरा फिरवला, तर मधली मुख्य दांडीही फिरते. मुख्य दांडी धरून ठेवली आणि एक दांडा पुढे फिरवला, तर समोरचा मागे फिरतो. वळणावर बाहेरच्या चाकाला जास्त अंतर कापायचं असतं, त्यासाठीची ही सोय. क्रॉलरमध्ये ती मुद्दाम बंद केलेली असते, कारण दगडावर एक चाक अधांतरी फिरत राहिलं, तर जमिनीवरचं चाक ओढतच नाही. चिखलात रुतलेल्या मालट्रकचं एकच चाक का फिरत बसतं, याचं उत्तर मुलाला स्वतःच्या बोटांनी मिळतं.

पुण्याच्या आयुकातल्या विज्ञान केंद्रामुळे महाराष्ट्राला माहीत झालेले अरविंद गुप्ता १९७५ साली कानपूरच्या आयआयटीतून शिकून पुण्यात टेल्कोत, म्हणजे ट्रक बनवणाऱ्या कारखान्यातच लागले होते. १९७८ साली ते रजा घेऊन मध्य प्रदेशात होशंगाबादच्या विज्ञान शिक्षणाच्या कामात गेले आणि काड्यापेटीच्या काड्या व सायकलच्या व्हॉल्व्ह ट्यूबचे तुकडे जोडून खेळणी करू लागले. २०१८ साली त्यांना पद्मश्री मिळाली. खेळणं मोडून आतलं बघणं हे मुलाचं उत्तम काम, असं ते वर्षानुवर्षं सांगत आले आहेत. तेव्हा जो ट्रक स्क्रूने बांधलेला आहे तो घ्या. चिकटवून किंवा खटके दाबून कायमचा बंद केलेला घेऊ नका.

बॅटरीच्या बाबतीत मात्र मोकळीक देऊ नका. निकेल-मेटल हायड्राइडची सहा घरांची, ७.२ व्होल्टची बॅटरी सोशिक असते. सुरुवातीला ती उत्तम. लिथियम-पॉलिमर हलकी आणि जोरकस, पण तिच्या प्रत्येक घराचा दाब ४.२ व्होल्टच्या वर चढवायचा नसतो आणि ३ व्होल्टच्या खाली उतरू द्यायचा नसतो. तिला तिचाच चार्जर लागतो. चार्जिंग गादीवर, सोफ्यावर किंवा रात्री झोपताना कधीही नाही. लादीवर, डोळ्यांसमोर, मोठ्या माणसाच्या हजेरीत. फुगलेली बॅटरी वापरायची नाही आणि कचऱ्याच्या डब्यातही टाकायची नाही, ती ई-कचरा घेणाऱ्याकडेच द्यायची.

१ जानेवारी २०२१ पासून १४ वर्षांखालच्या मुलांच्या खेळण्यांवर आयएसआय चिन्ह सक्तीचं आहे. खोक्यावर चिन्हाजवळ ‘सीएम/एल’ने सुरू होणारा क्रमांक असतो. तो ‘बीआयएस केअर’ ॲपमध्ये टाकून दुकानातच तपासता येतो. हौशी लोकांच्या मॉडेलवर ‘१४ वर्षांपुढील’ असं लिहिलेलं असतं. म्हणजे ते लहान मुलांचं खेळणं म्हणून बनवलेलं नसतं, तेव्हा मुलाच्या हातात असा ट्रक दिलाच, तर मोठं माणूस शेजारी हवं.

चालवायचा कुठे? रस्त्यावर नाही, गोदामांच्या जोडरस्त्यावर तर मुळीच नाही. तिथे मागे येणाऱ्या ट्रेलरच्या ड्रायव्हरला चाकाजवळ बसलेलं मूल दिसत नाही. इमारतीची गच्ची कठडा नीट असेल तर चालेल. वऱ्हाळा तलावाच्या बाजूला सकाळी लवकर जागा मिळते. क्रॉलरला मात्र हिवाळ्यात वज्रेश्वरीकडे तानसा नदीच्या काठच्या गोट्यांवर न्या. पाणी ओसरलेलं असतं आणि असे दगड अंगणात कुठून मिळणार! पावसाळ्यात ‘वॉटरप्रूफ’ लिहिलेला ट्रकही डबक्यातून काढला की पुसा, चाकांतलं पाणी पिळून टाका, बेअरिंगला तेलाचा थेंब द्या. आतले विजेचे भाग पाणी सोसतात, बेअरिंग गंजतात.

आणि पैसे देण्याआधी विक्रेत्याला विचारा: पुढच्या चाकाची दांडी, मोटरवरचं छोटं दातेरी चाक आणि सर्व्हो सुटे मिळतील का, केवढ्याला, किती दिवसांत? उत्तर टाळाटाळीचं आलं, तर दुसरं दुकान बघा. मिळत असतील, तर हे तिन्ही ट्रकसोबतच घेऊन ठेवा.