आधी गरज, मग ॲप

दादरच्या पुलावरून घाईत चाललेल्या प्रवाशाला दोनच गोष्टी हव्या असतात: पुढची गाडी कितीची आणि ती कुठल्या फलाटावर. २०२३पर्यंत पश्चिम आणि मध्य रेल्वे इथले फलाट आपापल्या परीने मोजत, म्हणून एकाच क्रमांकाचे दोन फलाट असत. ९ डिसेंबरला ते १ ते १४ असे सलग झाले. रूळ तेच, पूल तोच. पण अनोळखी माणसाची चुकामूक टळली. डिजिटल सेवेची उपयुक्तताही याच कसोटीवर जोखायला हवी. सचिन टेके यांचं ‘एम-इंडिकेटर’ हे ॲप २०१०मध्ये आलं, तेव्हा मोबाइल इंटरनेट महाग आणि बेभरवशाचं होतं. वेळापत्रक फोनमध्येच साठवलेलं असल्याने रेंज नसतानाही गाडी सापडे. लोकांनी ते आपलंसं केलं, ते या उपयोगामुळे.

यावर आक्षेप असा, की प्रवाशाच्या सोयीपुढे संस्थेचं हित दुय्यम ठरतं. ते हित जपण्यासाठीच रेल्वेच्या ‘यूटीएस’ ॲपवरचं कागदविरहित तिकीट सहसा रुळांपासून ठरावीक अंतरावरूनच काढता येई; तपासनीस दिसल्यावर तिकीट काढण्याची पळवाट बंद करण्यासाठी हा नियम होता. ही काळजी रास्तच आहे. मात्र तिकीट का निघत नाही आणि आता काय करायचं, हे पडद्यावर सोप्या मराठीत सांगितलं, तर नियमही पाळला जातो आणि प्रवासीही अडत नाही. ज्याच्याकडे स्मार्टफोन नाही त्याच्यासाठी खिडकी चालू ठेवणं, हाही त्याच रचनेचा भाग आहे. वापरणाऱ्याचा वेळ आणि मनस्ताप वाचवणारी सेवाच संस्थेलाही टिकाऊ फायदा देते.